उजनी वजामध्ये गेली तेव्हा: भुलेश्वर, पळसदेव, पेडगाव

एप्रिल संपता संपता नानांचा मेसेज आला. "उजनी वजामध्ये खोल गेलीय. पळसदेव उघडं पडलंय. ४ आणि ५ मे, शनिवार-रविवार. कारणं नकोत."

नाना बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या चौघांच्या भटकंतीचे मॅनेजर झालेत. उरलेले तिघे म्हणजे मी, शुभा आणि तिचा मावसभाऊ पिंट्या. पिंट्याकडे कॅमेरा सर्वांत महाग आणि धीर सर्वांत कमी.

सोलापूर-पुण्याकडच्या लोकांना 'उजनी वजा' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. उजनी हे भीमेवरचं धरण. त्याची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात. त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दरवाज्यांच्या खाली राहणारं पाणी. वरचं ५३ टीएमसी संपलं की टक्केवारी शून्य होते आणि तिथून पुढे उणे मोजायला सुरुवात होते. २०२३चा पाऊस दगा देऊन गेला होता, धरण पुरतं भरलंच नव्हतं. त्यामुळे २०२४च्या उन्हाळ्यात उणे आकडा रोज फुगत होता. पळसदेवच्या ज्या देवळाचं एरवी नुसतं शिखर पाण्यावर दिसतं, ते पायथ्यापासून बघायला मिळणार म्हणून आम्ही खूश. आपण कशावर खूश होतोय, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शनिवार, सकाळ: भुलेश्वर

पहाटे साडेचारला हडपसर सोडलं. यवतला टपरीवर चहा घेतला आणि उजवीकडे डोंगराला लागलो. सहाच्या सुमारास वर. हे गाव माळशिरस, पण सोलापूर जिल्ह्यातलं नव्हे, पुरंदर तालुक्यातलं. नकाशात नुसतं 'माळशिरस' टाकून भलतीकडे निघालेले लोक मला माहीत आहेत. त्यातली एक शुभा.

बाहेरून बघितलं तर हे यादवकालीन देऊळ आहे यावर विश्वास बसत नाही. घुमट, मिनारासारखे कोपरे, सपाट भिंती. पिंट्या गाडीतून उतरताच म्हणाला, "नाना, चुकून दुसरीकडे आणलंत." नाना काही न बोलता आत गेले. दारातून शिरलं की उजेड एकदम तुटतो. अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या चढून वळलात की समोर काळ्या दगडाचा भलामोठा नंदी, आणि त्याच्या मागे खांब, कोनाडे, पट्ट्यांवर पट्ट्या कोरलेलं मूळ देऊळ. बाहेरच्या भिंती नंतरच्या काळात त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि १३व्या शतकातलं कोरीवकाम आत झाकलं गेलं. डोंगरावर किल्लाही आहे, दौलतमंगळ. आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने १६२९च्या सुमारास तो बांधला. ज्याने पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, तोच हा. आता तटाचे थोडे अवशेष उरलेत.

प्रदक्षिणेच्या वाटेत मी जवळजवळ दोन तास होते. भिंतीच्या वरच्या भागात, सहज नजर जाणार नाही अशा जागी स्त्रीरूपातला गणपती आहे, वैनायकी. मांडी घालून बसलेली, खाली उंदीर. देवळात फुलं लावत बसलेल्या एका मावशींना विचारलं तर त्यांनी मानही वर न करता बोट दाखवलं. "ती बगा, लुगड्यातला गणपती. समदी तिलाच हुडकत्यात."

मूर्तींपैकी बऱ्याच फोडलेल्या. चेहरे गेलेत, हात गेलेत. पण गंमत अशी की चेहरा नसला की नजर दागिन्यांवर जाते. एका सुरसुंदरीच्या कमरपट्ट्याच्या लोंबत्या माळा कोरणाऱ्याने एका बाजूला किंचित झुकवल्यात, कारण तिने वजन एका पायावर टाकलंय. मान नाही, नाक नाही, तरी ती उभी कशी आहे ते कळतं.

इथे फोटो काढायचे तर दोन गोष्टी. ट्रायपॉड आणू नका, हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि त्याला आधी परवानगी लागते. खांबाला खांदा टेकवायचा, श्वास सोडायचा आणि कॅमेऱ्याचा आयएसओ ३२००पर्यंत न्यायचा; थोडे दाणे आले तर येऊ देत, काळ्या दगडाला ते शोभतात. आणि फ्लॅश तर नकोच, त्याने कोरीवकाम पत्र्यासारखं सपाट दिसतं. झरोक्यातून जो तिरका उजेड येतो तो कोणत्या खांबावर केव्हा पडतो ते बघत बसा. साडेसातच्या सुमारास एक पट्टा नंदीच्या गळ्यातल्या घंटांवर आला आणि सात-आठ मिनिटांत गेला. पिंट्या तेव्हा बाहेर लिंबू सरबत पीत होता.

पिंडीखाली पेढे ठेवले की त्यातले एक-दोन कमी होतात, अशी इथली ख्याती आहे. नानांनी पाच पेढे दिले. परत किती आले ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. प्रसाद मात्र चौघांना पुरला.

शनिवार, दुपार: भिगवण ते पळसदेव

सोलापूर हायवेवर मे महिन्याच्या दुपारी लिहिण्यासारखं काही नसतं. गाडीचा एसी आणि देव, दोघांचं नाव घेत भिगवण गाठलं. भिगवणला थांबायचं ते माशांसाठी. इथली चिलापी रवा लावून तळलेली, सोबत ज्वारीची भाकरी, कांदा आणि नाकात झिणझिण्या आणणारा रस्सा. नानांचा शनिवार, त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणि दही घेतलं आणि आमच्या ताटांकडे बघत हवामानावर बोलत राहिले. चिलापीला काटे कमी, चव सौम्य. पण सकाळी बाजारात उतरलेली हवी. "ताजी आहे का" असं विचारू नका, कुणी नाही म्हणणार नाही. "आज कोणती आलीय" असं विचारा.

चारच्या सुमारास पळसदेवला पोचलो. आताचं गाव हायवेला लागून आहे. जुनं गाव धरणात गेलं. काठाकडे उतरलो आणि समोर जे दिसलं त्याला पाणी म्हणायला जीभ वळेना. भेगाळलेला गाळ लांबवर पसरलेला, त्यात कुठे हिरवी गाळपेर, मका आणि कडवळ, आणि पार पलीकडे चमकणारी रेघ. त्या रेघेच्या अलीकडे, उन्हात थरथरणारं देऊळ. विटांचं शिखर, खाली दगडी अंग, भोवती तट.

आमचा बेत ठरलेला: सूर्य मावळताना शिखर काळं आणि मागे लाल आकाश. बोटवाल्या दादांना फोन केलेला होताच. ते आले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि पश्चिमेकडे एकदा बघून म्हणाले, "आज न्हाय न्हेत. वारं उठणार. सकाळी सहाला या."

पिंट्याने घासाघीस केली. जादा पैसे देतो म्हणाला. आकाशात एक ढग नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. दादा ऐकून घेत होते, पण बोट बांधलेल्या दोराला त्यांनी हात लावला नाही. "पैशाचं न्हाय हो. ह्यो मे महिना हाय." आम्ही थोडे चिडलोच. शंभर-दीडशे किलोमीटर येऊन संध्याकाळ वाया.

मग करायचं काय, म्हणून त्यांच्याच मागे गेलो. ते मोटार सरकवायला निघाले होते.

हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. काठावरच्या प्रत्येक शेतकऱ्याची विजेची मोटार पाण्यापाशी असते. पाणी मागे गेलं की मोटारही त्याच्यामागे न्यायची. पाइप जोडायचा, केबल वाढवायची, चिखलातून चार-पाच माणसांनी मोटार ओढायची. आठ दिवसांनी पुन्हा तेच. दादा मासेमारी करतात, एक पडाव पर्यटकांसाठी आहे आणि दीड एकर उसात आहेत. उसाला पाणी थांबवलं तर वर्ष गेलं. "या वर्साला ही किती वेळा सरकवली?" नानांनी विचारलं. दादांनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. "पाइपच मोजा. वीस फुटी हायेत."

पाइप मोजता येण्यासारखे नव्हते. काळी रेघ उसाच्या कडेपासून निघून गाळावरून वळत वळत दिसेनाशी होत होती. पिंट्याने कॅमेरा बाजूला ठेवला, पँट दुमडली आणि दोराला हात घातला. मी त्याला इतकं शहाण्यासारखं वागताना पहिल्यांदाच बघितलं.

साडेपाचला वारं उठलं. कुठून आलं ते कळलं नाही. गाळावरची धूळ भिंतीसारखी चालत आली आणि त्या चमकत्या रेघेवर पांढऱ्या लाटा दिसायला लागल्या. अर्धा तास तो प्रकार चालला. पाऊस मात्र एक थेंब नाही. दादा उसाच्या आडोशाला बसून तंबाखू मळत होते. "बगितलं?" एवढंच म्हणाले.

मुक्काम कुंभारगावला एका घरी होता. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि गच्चीवर गाद्या. नानांनी शनिवार सोडायला बारा वाजेपर्यंत जागायची तयारी दाखवली, पण चिलापी संपली होती.

रविवार, सकाळ: देऊळ

सहाला पाणी काचेसारखं. बोटीत आमच्या आधी एक म्हातारी आई बसलेल्या, मांडीवर पिशवी, त्यात तेलाची बाटली आणि तगरीची फुलं. दादांची आई. "तिला बी यायचंय. मागल्या वक्ताला राहिलं हुतं."

बोट दहा मिनिटं, मग गाळ. वरून कोरडा, तडे गेलेला, आत लोण्यासारखा. दादा म्हणाले, पायात काही घालू नका आणि माझ्या पावलावर पाऊल टाका. पिंट्याने पहिलं ऐकलं नाही. दुसऱ्याच मिनिटाला त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो बुटाशिवाय. तो बूट आता भीमेचा. पुढच्या दुष्काळात कुणाला मिळालाच तर नऊ नंबर आहे.

चढ लागला तशी टिटवीसारखी ओरड करत काही पक्षी डोक्यावर झेपावायला लागले. नदीसुरय. उघड्या पडलेल्या बेटांवर ते उन्हाळ्यात जमिनीवरच अंडी घालतात, गारगोट्यांसारखी, दिसतसुद्धा नाहीत. दादांनी आम्हाला लांबून फिरवून नेलं. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना एकच विनंती: घरट्यापाशी थांबू नका. मेच्या उन्हात आई पाच मिनिटं उठली तरी अंडं शिजतं. फ्लेमिंगोंसाठी मात्र हा महिना नव्हे, ते जानेवारी ते मार्चमध्ये.

देवळाच्या तटाच्या दारातून आत गेलो तेव्हा ऊन नुकतंच शिखराला लागलं होतं. विटा तांबूस, चुना निघून गेलेला, आणि शिखराच्या अंगावर पाण्याच्या पातळीच्या आडव्या पांढऱ्या रेघा, एकाखाली एक. वहीच्या पानासारखं दिसत होतं. खाली दगडाचं कोरीवकाम चार दशकं पाण्यात-बाहेर होऊनही अजून धारदार आहे. अंगणात वीरगळ, सतीशिळा गाळात कलंडलेल्या. सतीच्या हाताचा कोपरा काटकोनात वाकलेला, बांगड्या नीट मोजता येतात.

मला त्या देवळातली एक फ्रेम आयुष्यभर पुरेल. खांबाखालच्या एका कीर्तिमुखाच्या दातांत नायलॉनचं जाळं अडकलेलं. हिरवं, कोळ्याचं, कधीतरी पाण्याखाली ओढताना फसलेलं आणि तोडून सोडून दिलेलं. जाळ्यात वाळलेला एक मासा, आणि कीर्तिमुखाच्या दोन्ही डोळ्यांच्या खोबणीत शिंपले चिकटलेले. उजवा मिटलेला, डावा उघडा. मी पोटावर आडवी होऊन अर्धा तास तेच टिपत होते. शुभा म्हणाली, जाळं काढ, फोटो स्वच्छ येईल. मी काढलं नाही. यावरून आमचं परतीच्या वाटेवर दौंडपर्यंत भांडण झालं.

आई देवळात गेल्या नाहीत. गाभाऱ्याशी फुलं ठेवायला मुलाला दिली. "द्येव आमी वर न्हेला नव्या गावात. द्येऊळ खाली ऱ्हायलं." त्या तटाबाहेर एका जागी वाकून हाताने गाळ चाचपत होत्या. मी जवळ गेले. त्यांना घर सापडलं होतं, म्हणजे जोत्याचे दगड. पण त्या शोधत होत्या उखळ. लग्न होऊन आल्या तेव्हा सोळा वर्षांच्या; पाणी चढायला लागलं, सामान बैलगाडीत भरलं, भांडी गेली, पाटा गेला, उखळ जमिनीत पुरलेलं म्हणून राहिलं. "सासूबाई मरस्तोवर बोलायच्या, उखळ सोडून आली."

सापडलं. काठोकाठ गाळाने भरलेलं. आईंनी बोटाने थोडा उकरला, आत डोकावल्या, आणि हात लुगड्याला पुसले. "लई लहान हाय की," त्या म्हणाल्या. "मला मोठं आठवत हुतं."

मी फोटो विचारला. "माझा कशाला, द्येवाचा काढ," म्हणाल्या, पण पदर सारखा केला. तो फोटो मी त्यांच्याकडे छापून पाठवला आहे, इथे देत नाही.

जाणाऱ्यांसाठी: बोट नेहमी सकाळची धरा, आणि लाइफ जॅकेट असल्याशिवाय बसू नका. आमच्या बोटीत दोनच होती. पुढच्या वेळी आपापली घेऊन जाणार. आम्ही परतल्यावर पंधरवडा होतो न होतो तोच, २१ मे २०२४ला, याच जलाशयात कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. ती वेळ संध्याकाळचीच होती. बातमी वाचल्यावर पिंट्याने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. दादांना फोन करून ते बरे आहेत ना हे मात्र त्यानेच आधी विचारलं होतं.

आणखी: पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर, टोपी, पाय पुसायला जुनं फडकं. सावली फक्त देवळात आहे. नऊनंतर दगड पायाला चटके देतो आणि उजेडही डोक्यावर येतो, कोरीवकामाचा फोटो मिळत नाही. साडेसहा ते आठ, बस्स.

रविवार, दुपारनंतर: पेडगाव

नानांचा रविवार भिगवणला तळलेल्या चिलापीने आणि रश्श्याने साजरा झाला. तीन भाकरी. मग दौंडवरून भीमा ओलांडून श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावला. वेड पांघरून पेडगावला जातात. आम्ही एक बूट पांघरून गेलो.

भीमेच्या काठचा हा बहादूरगड. बहादूरखान कोकलताश या मोगल सुभेदाराचा. त्याची फौज हुलकावणी देऊन बाहेर काढली आणि मागून मराठ्यांनी एक कोटीचा खजिना आणि दोनशे घोडे नेले, ही गोष्ट १६७४ची म्हणून सांगतात. पण किल्ल्यात पाय ठेवल्यावर ती गोष्ट आठवून हसू येत नाही. फेब्रुवारी १६८९मध्ये संभाजी महाराजांना पकडून इथेच औरंगजेबाच्या छावणीत आणलं होतं. आत शौर्यस्तंभ उभा केलाय. चपला बाहेर काढून लोक शांतपणे हात जोडत होते. पिंट्याला काढायला एकच होती.

किल्लाभर वेडी बाभूळ माजलीय, तिच्यातून वाट काढत लक्ष्मीनारायणाचं देऊळ लागतं. किल्ल्याच्या कितीतरी आधीचं. लहानसं, पण बाहेरच्या भिंतीवर एक वीत जागा मोकळी नाही. भुलेश्वरला जे अंधारात शोधत होतो ते इथे उघड्यावर, पाच वाजताच्या तिरक्या उन्हात. त्या उन्हात प्रत्येक मूर्तीच्या पाठीशी तिची सावली कोरल्यासारखी दिसते, म्हणून इथे दुपारी उशिराच यावं. नदीच्या बाजूला तटावर हत्तीच्या मोटेची जागा बघा. भीमेचं पाणी वर चढवून किल्ल्यात खेळवायची सोय होती. खाली भीमा बघितली. डबकी होती.

शुभा तटावर बसून म्हणाली, "यांनीही पाणी सरकवायला हत्ती लावले." नाना म्हणाले, "दादांकडे पिंट्या होता."

रात्री दहाला पुणं.

जुलैच्या अखेरीला दादांचा फोन आला. घाटावर पाऊस लागला होता, भीमा दुथडी होती, उजनी वजातून वर आली होती. मागे माणसांचे आवाज, कुणीतरी "धर, धर" ओरडत होतं.

"ताई, तुमचं देऊळ चाललं बगा खाली. तटाला पाणी लागलं."

मी जाळ्याचं विचारणार होते, पण त्यांना वेळ नव्हता.

"ठिवतो. मोटारी मागं घ्यायच्या चालल्यात."